तुरिन ते कुर्ला: १०८९ सीसीच्या एका इंजिनाचे दीर्घायुष्य

१/ ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर अधिकृतपणे एकही 'प्रीमियर पद्मिनी' टॅक्सी उरली नाही. या जातीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि शहरातील टॅक्सीची वयोमर्यादा होती २० वर्षे. निरोपाच्या लेखांत काळ्या-पिवळ्या रंगाची, स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअरची, लांबलचक पुढच्या सीटची आठवण निघाली. बॉनेटखालच्या इंजिनाविषयी मात्र फारसे कुणी बोलले नाही. या गाडीच्या पेट्रोल इंजिनाची मूळ मापे १९३७ सालची होती. #थ्रेड

२/ दुसऱ्या महायुद्धापूर्वी आखलेले इंजिन विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कारखान्यात तयार होत राहिले, हे कसे घडले? या प्रश्नाची दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. पहिले असे की, 'फियाट फार मजबूत गाडी होती.' दुसरे असे की, 'तेव्हा दुसरे काही मिळतच नव्हते.' दोन्ही उत्तरांत अर्धे अर्धे सत्य आहे. ते जुळवायचे तर इंजिनाची मापे आणि सरकारची धोरणे शेजारी ठेवून वाचावी लागतात.

३/ आरंभ इटलीतील तुरिन शहरात. फियाटने १९३२ मध्ये '५०८ बालिल्ला' ही छोटी मोटार आणली. तिचे इंजिन ९९५ सीसीचे, बाजूला झडपा असलेल्या जुन्या घडणीचे. १९३७ मध्ये तिची सुधारित पिढी, '५०८ सी', म्हणजेच 'नुओव्हा बालिल्ला ११००' आली. दान्ते जाकोसा या तरुण अभियंत्याचे नाव या गाडीशी जोडलेले आहे. वर्षभर आधी आलेली प्रसिद्ध 'तोपोलिनो'ही त्यांचीच. नव्या गाडीत सिलिंडरचा व्यास ६५ वरून ६८ मिलीमीटर झाला, पिस्टनची धाव ७५ मिलीमीटरच राहिली, आणि झडपा सिलिंडरच्या माथ्यावर गेल्या.

४/ 'सीसी' म्हणजे काय, हे या आकड्यांवरून सहज उलगडते. ६८ मिलीमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३६.३ चौरस सेंटिमीटर. पिस्टन ७.५ सेंटिमीटर वर-खाली होतो, म्हणजे एका सिलिंडरचे घनफळ सुमारे २७२ घन सेंटिमीटर. असे चार सिलिंडर मिळून १०८९. या इंजिनाची मूळ शक्ती ३२ अश्वशक्ती होती. पुढे कुर्ल्यात तयार झालेल्या गाड्यांच्या कागदपत्रांतही '६८ × ७५' हीच जोडी कायम राहिली.

५/ रचना साधी होती. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये. तिच्यावरील उंचवटे पुशरॉडना वर ढकलतात, पुशरॉड रॉकरला हलवतात आणि रॉकर झडप उघडतो. क्रँकशाफ्टला आधार देणारी मुख्य बेअरिंगे तीन. पाच बेअरिंगांच्या इंजिनाइतकी ही रचना वेगवान फेऱ्यांसाठी अनुकूल नाही, पण भाग कमी, खर्च कमी. शिवाय झडपांचे अंतर जुळवायला एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर आणि पातळ पत्र्यांचे फिलर गेज एवढीच सामग्री पुरेशी.

६/ एक गोष्ट मात्र त्या काळी पुढारलेली होती. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, पण वरचे हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम हलके असते आणि उष्णता चटकन वाहून नेते. मात्र तापल्यावर ते लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. बोल्टांनी घट्ट आवळलेले दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि त्यांच्यामधले हेड गॅस्केट हा ताण सोसत राहते. तुरिनमध्ये गुण ठरलेली ही जोडी मुंबईच्या उन्हाळ्यात सर्वांत खर्चिक दुखणे ठरणार होती.

७/ इटलीत हे इंजिन थांबून राहिले नाही. १९५३ मध्ये '११००/१०३' ही चेसिसची वेगळी चौकट नसलेली नवी गाडी आली. तेव्हा त्याच १०८९ सीसीतून ३६ अश्वशक्ती मिळू लागली. १९६२ च्या '११०० डी'मध्ये युरोपसाठी इंजिन १२२१ सीसीचे झाले. १९६६ च्या '११०० आर'मध्ये फियाट पुन्हा १०८९ वर आली. १९६९ मध्ये 'फियाट १२८' अवतरली. तिची कॅमशाफ्ट माथ्यावर होती आणि इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळत होती. इटलीपुरती ११०० ची कथा तिथे संपली. कुर्ल्यात तिचा दीर्घ अध्याय अजून पुढेच होता.

८/ कुर्ल्याच्या कारखान्यामागे वालचंद हिराचंद यांची जिद्द होती. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाने जहाज वाहतूक, विमानांचा कारखाना आणि जहाजबांधणी या तिन्ही क्षेत्रांत पाऊल टाकले होते. १९४४ मध्ये 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' स्थापन झाली. आरंभीचा करार अमेरिकेच्या क्रायस्लरशी होता, आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी फियाटशी संबंध जुळले आणि १९५४ च्या सुमारास '११००' मुंबईत आली. वालचंद त्याआधीच, १९५३ मध्ये, निवर्तले होते.

९/ याच सुमारास दिल्लीत एक निर्णायक वळण आले. परदेशातून सुटे भाग आणून इथे फक्त जोडणी करणाऱ्या कंपन्यांना सरकारने सांगितले की, टप्प्याटप्प्याने भाग भारतात बनवा, नाहीतर बाजार सोडा. १९५३ च्या प्रशुल्क आयोगाच्या शिफारशींनंतर हे धोरण पक्के झाले. १९२८ पासून शिवडीत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. मोटारींच्या क्षेत्रात मुख्यतः तीन नावे उरली: कोलकात्याजवळची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची प्रीमियर.

१०/ या धोरणाचा इंजिनावर झालेला परिणाम दुहेरी होता. ब्लॉक, पिस्टन, रिंगा, झडपा, बेअरिंगे, कार्बोरेटर असे एकेक भाग देशात बनू लागले. मोठ्या कारखान्याभोवती लहान कारखान्यांची साखळी उभी राहिली. पण साचे, यंत्रे आणि पुरवठादार सारे ६८ × ७५ या मापाभोवती बांधले गेले. इंजिन बदलायचे तर नवी यंत्रसामग्री हवी. ती आयात करायची तर परकीय चलन हवे, आणि त्यासाठी सरकारी परवाना. बदल हा आता केवळ अभियंत्याचा निर्णय राहिला नव्हता.

११/ १९६४ पासून कुर्ल्यात '११०० डी'चे रूप असलेली गाडी तयार होऊ लागली. बाहेरून ती युरोपातल्या गाडीसारखीच, पण इंजिन जुने १०८९ सीसीचेच. फियाटचे नाव उतरल्यावर ती काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' म्हणवली गेली आणि १९७४ च्या सुमारास 'प्रीमियर पद्मिनी' झाली. लोकांच्या तोंडी नाव राहिले 'फियाट'च. शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती, चार सिलिंडर, चार गिअर, एकच कार्बोरेटर, आणि पेट्रोल ओढणारा यांत्रिक पंप. हा पंपही इंजिनाच्या फिरण्यावरच चालणारा.

१२/ आकडे माफक असले तरी ते परिस्थितीला मानवणारे होते. इंधनाचे मिश्रण किती दाबले जाते, ते सांगणारे 'कॉम्प्रेशन' या इंजिनात आठास एकापेक्षाही कमी होते. ते जास्त असते, तर हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर इंजिन 'ठोकू' लागले असते. केरोसीनची भेसळ ही त्या काळातील पेट्रोल पंपांची उघड व्यथा होती, आणि कमी दाबाचे इंजिन असले इंधनही पचवून घेई. तीन बेअरिंगांची मर्यादा महामार्गावरच्या सततच्या वेगात जाणवते. दादर ते कुलाबा या गर्दीत तेवढा वेग लाभतच नसे.

१३/ पण शहराचे दुखणे वेगळे होते. त्याचे नाव उष्णता. रेडिएटरचा पंखा पट्ट्याने थेट इंजिनाला जोडलेला. सिग्नलवर इंजिन मंद झाले की पंखाही मंद होई, म्हणजे हवेची सर्वांत जास्त गरज असताना ती सर्वांत कमी मिळे. पाणी उकळे, गाडी तशीच पुढे दामटली की हेड वाकडे होई आणि गॅस्केट जळे. मग तेलात पाणी मिसळून डिपस्टिकवर दुधी फेस दिसू लागे. म्हणूनच अनेक टॅक्सींच्या डिकीत पाण्याचा डबा कायमचा मुक्काम करून असे.

१४/ उष्णतेचेच दुसरे रूप म्हणजे 'व्हेपर लॉक'. इंजिनाला चिकटून बसवलेला पेट्रोल पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी बनलेला असतो. वाफ तो नुसती दाबत राहतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. भर दुपारी चालती गाडी आचके देत बंद पडे. उपाय मात्र अगदी घरगुती होता: बॉनेट उघडायचे, पंपावर ओले फडके टाकायचे आणि दहा मिनिटे थांबायचे. वाफेचे पुन्हा पेट्रोल झाले की गाडी निमूटपणे सुरू होई.

१५/ पावसाळ्यात पाळी ठिणगीची येई. स्पार्क प्लगला वीज पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये 'पॉइंट' म्हणजे उघडझाप करणारे दोन छोटे संपर्क असत. ते झिजत, काळे पडत. त्यांतील अंतर मिलीमीटरच्या निम्म्याहूनही कमी ठेवावे लागे. ते बिघडले की ठिणगी दुबळी होई, गाडी 'मिसिंग' करू लागे. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली तर इंजिन सुरूच होत नसे. टोपी काढून कोरड्या कपड्याने पुसणे आणि पॉइंटवर बारीक पॉलिश पेपर फिरवणे ही दोन कामे बहुतेक प्रत्येक जुना चालक स्वतःच करी.

१६/ तिसरा आजार कार्बोरेटरचा. टाकीच्या तळचा गाळ आणि पेट्रोलमधला कचरा 'जेट'च्या केसासारख्या भोकात अडके. मग गाडी चढावर दम टाकी. जेट खोलून तोंडाने फुंकणे, हा मुंबईच्या फुटपाथवर रोज दिसणारा उपचार होता. चौथा आजार वयाचा. रिंगा आणि सिलिंडर झिजले की तेल वर चढून जळे आणि मागून निळा धूर निघे. तेव्हा इंजिन उतरवून सिलिंडर 'बोअर' करून घेत आणि थोड्या मोठ्या मापाचे पिस्टन बसवत. तेही संपले की स्लीव्ह घालून पुन्हा मूळ मापावर येत. एकाच ब्लॉकचे असे अनेक जन्म होत.

१७/ ही यादी पाहून गाडी 'भरवशाची' का म्हटली जाई, असा प्रश्न पडतो. उत्तर टॅक्सीच्या हिशेबात आहे. भाड्याने टॅक्सी चालवणाऱ्याला मालकाची रोजची रक्कम द्यावीच लागे. गाडी उभी राहिली तर त्या दिवशी घरी काही न्यायचे नाही. अशा माणसाला 'गाडी वर्षातून किती वेळा बिघडते' यापेक्षा 'बिघडली तर किती वेळात उभी राहते' हा प्रश्न मोठा असतो. पद्मिनी वारंवार बिघडे. पण बहुतेक वेळा कोपऱ्यावरच्या गॅरेजात, ओळखीच्या मिस्त्रीच्या हाताखाली, त्याच दिवशी उभी राही.

१८/ हे शक्य झाले ते एकच इंजिन दशकानुदशके न बदलल्यामुळे. एका वर्षीचा भाग दुसऱ्या वर्षीच्या गाडीला बसे. कुर्ल्याच्या भंगारातून आणि चोर बाजारातून जुना सुटा भागही मिळे. दुरुस्तीचे शास्त्र पुस्तकात कमी आणि हातांत जास्त होते. पोऱ्या म्हणून पाने पुसायला लागलेला मुलगा काही वर्षांत केवळ आवाजावरून टॅपेट सैल आहे की बेअरिंग गेले, ते सांगू शके. परवाना राज्याने गोठवलेल्या यंत्राभोवती कौशल्याचे असे एक जिवंत जग वाढले.

१९/ तरीही या जगाचे गोडवे गाताना त्याची किंमत विसरता येत नाही. गाडीसाठी ग्राहक वर्षानुवर्षे वाट पाहत. कारखान्याची उत्पादनक्षमता परवान्याने बांधलेली. मोटारीची किंमतही काही काळ सरकार ठरवी आणि तो वाद १९७० च्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयात गेला होता. रांग संपत नसेल तर कंपनीला सुधारणेची घाई कशाला? आणि किंमत वाढवता येत नसेल तर सुधारणेचा पैसा आणायचा कुठून? या कोंडीचा भार शेवटी उकळत्या रेडिएटरपाशी उभ्या राहिलेल्या चालकावर पडे.

२०/ डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तुलना प्रथमच शक्य झाली. ७९६ सीसी, तीनच सिलिंडर, कॅमशाफ्ट माथ्यावर. इंजिन पाऊण भागाहूनही लहान, पण शक्ती पद्मिनीच्या जवळपास. गाडीचे वजन बरेच कमी, त्यामुळे पेट्रोलही कमी. मुख्य म्हणजे बॉनेट उघडण्याची वेळ क्वचित येई. 'भरवसा' या शब्दाचा अर्थच बदलला. पूर्वी भरवसा म्हणजे लवकर दुरुस्त होणे. आता भरवसा म्हणजे दुरुस्तीची गरजच न पडणे.

२१/ प्रीमियरलाही हे उमगत होते. १९८५ मध्ये कंपनीने '११८ एनई' आणली ती निस्सानच्या ११७१ सीसी इंजिनासह. पद्मिनीच्या बॉनेटखाली मात्र जुने इंजिन राहिले, कारण टॅक्सीचा बाजार अजून तिचाच होता. जिथे खासगी ग्राहकाला नवेपणा हवा होता, तिथे टॅक्सीमालकाला स्वस्त भाग आणि ओळखीचा मिस्त्री हवा होता. अखेरच्या काळात या गाडीला जगवले ते मुख्यतः याच हिशेबाने.

२२/ तिला संपवले ते हवेच्या प्रश्नाने. १९९५ मध्ये महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. धुराचे निकष कडक होत गेले. कार्बोरेटर आणि पॉइंटवर चालणारे इंजिन दर फेरीत इंधन नेमके मोजू शकत नाही, आणि नव्या निकषांची मागणी नेमकी तीच होती. मुंबईतील जुन्या टॅक्सी न्यायालयाच्या आदेशांनंतर सीएनजीकडे वळल्या. त्यामुळे त्यांना आणखी काही वर्षे मिळाली. पण कारखान्यातील उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले.

२३/ म्हणून आरंभीच्या दोन्ही उत्तरांची फेरमांडणी करावी लागते. इंजिन 'मजबूत' होते म्हणण्यापेक्षा ते समजण्याजोगे होते. त्याची प्रत्येक खोड उघड होती आणि तिचा उपाय सामान्य माणसाच्या आवाक्यात होता. आणि 'दुसरे मिळत नव्हते' हेही खरेच, पण त्या बंदिस्त बाजारातच सुटे भाग आणि मिस्त्रींची ती दाट साखळी उभी राहिली. एकाच धोरणाने ग्राहकाला ताटकळत ठेवले आणि हजारो हातांना हुन्नर दिला. इतिहास लिहिताना यातली एकच बाजू निवडण्याचा मोह टाळलेला बरा.

२४/ कुर्ल्यात 'प्रीमियर रोड' हे नाव अजून आहे. कुठे एखाद्या गॅरेजात हौशी मालकाची जुनी पद्मिनी उभी दिसते आणि पिकल्या केसांचा मिस्त्री झाकण काढून टॅपेट जुळवताना दिसतो. १९३७ साली तुरिनच्या आरेखनपटावर मांडलेली मापे त्या हातांना पाठ आहेत. असा मिस्त्री भेटला तर त्याच्याशी बोलून ते लिहून ठेवावे. इंजिनाची मापे कागदपत्रांत राहतील, पण आवाजावरून आजार ओळखण्याची विद्या कुठेही नोंदलेली नाही. (समाप्त)